पल्लवीने आज अभ्यास केला नाही

सुभेदारांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. स्क्रीनवर लाल पट्ट्यांची रांग होती. प्रत्येक पट्टीत तेच वाक्य. पल्लवीने आज अभ्यास केला नाही.

"ह्यो तुमच्याच कंपनीचा रिपोर्ट न्हवं?"

हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

"मग झालं. तिची अभ्यासिका बंद केली आमी. गावात हिंडायला पाठवायची व्हय?"

मी शिराळ्याला गेले होते ती पल्लवीचा व्हिडिओ करायला. सांगलीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी डिझायनर होते. डिझायनर म्हणजे चित्रं काढणारी, असं माझ्या आत्यालाही वाटतं. पण बटण कुठं असावं, त्यावर काय लिहावं आणि ते दाबल्यावर काय व्हावं, हे ठरवणं म्हणजे माझं काम. आमचं अ‍ॅप धावपळीतल्या मोठ्या माणसांसाठी होतं. आपलं ध्येय लिहायचं, रोज नोंद करायची, अ‍ॅप आठवण करून देणार. वजन कमी करणं, इंग्रजी शिकणं, परीक्षा, काहीही.

चाचणीसाठी अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी पल्लवी एक. नवरा फौजेत, सीमेवर. ती सकाळी दूध संकलन केंद्रावर संगणक सांभाळते, मग घरचं बघते आणि दुपारी तलाठी भरतीचा अभ्यास करते. आमच्या सरांना ही गोष्ट फार आवडली होती. "जवानाची बायको, नोकरी, घर, अभ्यास. हिचाच व्हिडिओ कर," ते म्हणाले. तिचे आकडे मात्र कुणी उघडून पाहिले नव्हते.

अ‍ॅपमध्ये 'सोबती' नावाची सोय होती. आपल्या माणसाचा नंबर द्यायचा, म्हणजे अ‍ॅप त्यालाही आपली प्रगती कळवणार. पल्लवीच्या नवऱ्याच्या फोनला रेंज नसे. म्हणून तिनं सासऱ्यांचा नंबर दिला. निवृत्त सुभेदार, घरात सगळ्यांचे आप्पा, शिस्तीचे. सुनेनं शिकावं म्हणून अभ्यासिकेची फी त्यांनी स्वतः भरली होती. वाईट माणूस असता तर मला राग तरी नीट करता आला असता.

पल्लवी चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "अभ्यासिकेत मोबाइल बाहेर कप्प्यात ठेवावा लागतो, ताई. तिथली शिस्त चांगली म्हणून आप्पांनीच ती निवडली."

मला सगळं कळलं. आमचं अ‍ॅप दर अर्ध्या तासानं विचारायचं, 'चालू आहे ना?' उत्तर आलं नाही की दिवस लाल. फोन कप्प्यात आणि ही आत पुस्तकापुढं. जितका मन लावून अभ्यास, तितका दिवस लाल. संध्याकाळी मागाहून नोंद करायची सोय मी आखली होती. सरांनी ती काढायला लावली. मग लोक दिवसभर अ‍ॅप उघडणारच नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"आप्पांना सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं की. फोन कशाला खोटं बोलंल, म्हणाले."

मी सुभेदारांना समजावू लागले. हे अ‍ॅप अभ्यास बघत नाही, बटण बघतं. बटण दाबलं नाही, एवढंच त्याला ठाऊक.

"फौजेत गिनती असती, मॅडम. हजर न्हाई तो गैरहजर."

"तुमच्या गिनतीला समोर माणूस उभा असायचा, आप्पा. इथं समोर कुणीच नाही."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग मान हलवली. मला वाटलं, पटलं.

"बरं, मग असं करू. अभ्यास घरातच. फोन म्होरं ठिवून. म्हंजे अभ्यासबी हुईल आन् रिपोर्टबी जाईल."

पल्लवी एकदाच हसली. घरात सासूचे गुडघे, गोठ्यात दोन म्हशी, आणि दारात कायम कुणीतरी आलेलं. ती मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत एकच वाक्य बोलली. "ताई, तुमी समजवायला नको हुतं. चार दिवसांत मीच रडून-भांडून अभ्यासिकेत परत गेले असते."

व्हिडिओ न करताच मी परतले. दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली. कामगारांची, पाणी परिषदेची, कधी नुसती गल्लीतल्या गटाराची. रात्री जेवताना ते आम्हाला मजकूर वाचून दाखवत आणि विचारत, यातलं कुठलं वाक्य आपण सिद्ध करू शकत नाही? ते वाक्य कापलं जाई, कितीही जोरदार असो. त्या घरात वाढलेल्या मुलीला हे वाक्य गिळणं शक्य नव्हतं. सरांना मी एवढंच म्हणाले की, 'पल्लवीने आज अभ्यास केला नाही' हे आपल्याला माहीत नाही. त्याऐवजी 'पल्लवीकडून आज नोंद आलेली नाही' असं लिहू. आणि सोबत्याला काय कळवायचं, ते तिला ठरवू दे.

सर शांत माणूस. आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी मला आकडे दाखवले. लाल निरोप आला की सोबती लगेच अ‍ॅप उघडतो, आणि निम्मे सोबती पुढं स्वतःही अ‍ॅप वापरू लागतात.

"'नोंद आलेली नाही' वाचून कोण उघडेल गं? त्यात भीती कुठाय?"

"भीती विकायचीय का आपल्याला?"

"प्रेरणा म्हण," ते म्हणाले. "आणि तू फार मनाला लावून घेतेस. लालचा केशरी करू, चल."

रंग बदलला. वाक्य तेच राहिलं. मी लेखी मेल केला. त्याला उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र आलं.

पुढं काही महिन्यांनी मिरज रोडवरच्या एका हॉटेलात पैसे गुंतवणाऱ्यांपुढं सादरीकरण ठरलं. आदल्या दिवशी स्लाइड माझ्याकडं तपासायला आल्या. तिसऱ्या स्लाइडवर पल्लवी. आधी लाल पट्ट्या आणि मग सलग हिरवा पट्टा, एकही दिवस न चुकता. वर मथळा, 'अ‍ॅपने घडवलेला बदल'.

मी तिला फोन लावला.

"हिरवं दिसतंय न्हवं?" ती म्हणाली. "दर अर्ध्या तासानं दाबते. भाकरी थापताना स्क्रीनला पीठ लागतंय, तेवढंच. आप्पा लय खूश हायत."

"आणि परीक्षा?"

"कवाच झाली. न्हाई गेले. तयारीच नव्हती, कुणाला तोंड दाखवायचं? पोटात दुखतंय म्हणून घरात बसले. दिवसभर बटण दाबलं, सवयीनं." थोडं थांबून म्हणाली, "अ‍ॅपचं अभिनंदन आलं त्या दिवशी."

फोन ठेवून मी स्लाइडवर ती तारीख शोधली. तीही हिरवी होती. सरांना सगळं सांगितलं आणि स्लाइड काढा म्हटलं. ते म्हणाले, "एका मुलीच्या पोटदुखीसाठी?"

दुसऱ्या दिवशी स्लाइड पडद्यावर आली. गुंतवणूकदारांमधल्या एका बाईंनी साधा प्रश्न विचारला. "छान. ह्या पास झाल्या का?"

सर माझ्याकडं वळले. डिझायनर सांगेल, असं हातानंच सुचवलं.

मी उभी राहिले. "त्या परीक्षेला बसल्याच नाहीत. ही हिरवी पट्टी परीक्षेच्याच दिवसाची आहे. आमच्या अ‍ॅपला हे माहीत नाही, आणि माहीत नाही असं म्हणायची आम्ही त्याला सोय ठेवलेली नाही."

कुणीतरी खाकरलं. त्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "ते असू द्या. महिन्याला नवीन सोबती किती मिळतात?"

सरांना आकडा पाठ होता.

पैसे मिळाले. माझी नोकरी गेली. पल्लवीची अभ्यासिका बंद ती बंदच. आता मी दुसरीकडं काम करते. तिथं प्रत्येक नव्या कामाच्या पहिल्या मीटिंगमध्ये मी विचारते, जी गोष्ट मशिनला ठाऊक नाही, ती ते कुणाच्या घरी जाऊन सांगणार आहे? बहुतेक वेळा लोक चहा मागवतात.