पावाच्या बुडाचं भोक

मुलुंडच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर घरगुती यंत्रांचं दुकान आहे. रोज दुकान उघडायच्या आधी शकु इंगळे मागच्या खोलीत जायची, बेकरीतून आणलेला पाव उलटा धरायची आणि चमच्याच्या दांड्याने त्याच्या बुडाला भोक पाडायची. चुरा फुंकून टाकायची, पाव सुलटा करून पाटावर मांडायची आणि दिवसभर आल्यागेल्याला सांगायची, हा पाव या मशीनने केला.

भोकाचं कारण साधं होतं. पावाच्या मशीनमध्ये एकच भांडं असतं. पीठ त्यातच मळायचं, त्यातच फुगायचं, त्यातच भाजायचं. मळायचं पातं भांड्याच्या तळाशी, म्हणून मशीनच्या प्रत्येक पावाला खाली भोक पडतंच. बेकरीच्या पावाला ते कुठून येणार? एका बाईने ते ओळखलं, माझ्या जावेच्या पावाला खाली भोक असतं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मॅनेजरने चमचा काढला. या मॅनेजरचं नाव चैतन्य. वय सत्तावीस, शर्टाला इस्त्री कडक, डोक्यात हवा भरपूर. शकु त्याच्या आईच्या वयाची, पण त्याला सर म्हणायची. तो तिला शकुताई म्हणायचा आणि कामं मोलकरणीसारखी सांगायचा.

मशीनचाच पाव का ठेवत नाही, असं तिने एकदा विचारलं होतं. त्यावर त्याने सांगितलं, की मशीनला तीन तास वीस मिनिटं लागतात, आणि शिवाय तो पाव फोटोत चांगला येत नाही.

शकुने त्याआधी अकरा वर्षं भांडुपच्या मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरली. कारखाना बंद पडला. नाकातली मिरची गेली आणि हातातलं कामही गेलं. सातवीपर्यंत मराठी शाळा, बोलणं स्पष्ट, आवाज खणखणीत, म्हणून या दुकानाने तिला घेतलं. हिरवा एप्रन दिला, डोक्याला टोपी दिली आणि पाठ करायला एक कार्ड दिलं. घरच्या पावाचे बारा फायदे.

घरच्या पावात रसायन नसतं. घरचा पाव ताजा असतो. घरच्या पावात काय पडलंय ते आपल्याला ठाऊक असतं. हे तिसरं वाक्य ती रोज ज्या पावावर हात ठेवून म्हणायची, त्यात काय पडलंय ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि चैतन्यलाही. सातवा फायदा तर असा, की रात्री सामान घालून वेळ लावून ठेवा, सकाळी पाव तयार. आणि दुकानाचा मेन स्विच रोज रात्री वॉचमन खाली ओढायचा.

गिऱ्हाइकंही तोलामोलाची. पोळ्यांना बाई, भांड्यांना बाई, आणि यांना स्वतःच्या हाताने केलेला पाव हवा. स्वतःचा हात म्हणजे बटण दाबायचं बोट. एक जण तर दह्याची मशीन, ज्यूसची मशीन आणि पॉपकॉर्नची मशीन माळ्यावर टाकून आलेली. ही चौथी कुठे ठेवू, याचीच तिला काळजी. दुसरीने विचारलं, यात पोळ्यांची कणीक मळता येते का, आमची बाई फार दांड्या मारते. येते म्हटल्यावर लगेच घेऊन गेली. तिने पावाकडे बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण घरी सकाळ व्हायची.

घाटकोपरच्या त्यांच्या खोलीत सासू रोज सहाला बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायची आणि घरच्यांनी मागून म्हणायचं. लग्न होऊन आल्यापासून शकुने एक दिवस चुकवला नव्हता. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मॉलमध्ये लागल्यावर पहिल्या महिन्यात त्या ओळीला तिचा आवाज बसला. मग त्या ओळीला तिला गॅसवरचं दूध आठवायला लागलं. तिसरं म्हणून झालं की ती उठायची, गॅस बारीक करायची आणि पाचव्याला परत येऊन बसायची. पाचवं दारू न पिण्याचं, ती शपथ घ्यायला तिला काहीच अडचण नव्हती.

सासू म्हातारी असली तरी आंधळी नव्हती. एकदा म्हणाली, "चौथ्यालाच कसं गं तुझं दूध वर येतं?"

शकुने डबा भरायला घेतला.

मग एका मंगळवारी दुकानात रेमंड आले. भांडुपच्या गावठाणातले, सत्तरीचे, वीस वर्षं बेकरीत भट्टीवर काढलेली. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोचं, इव्हाचं, मीठ कमी केलं होतं आणि पावाशिवाय तिचं पान हलत नव्हतं. बाजारचा पाव खारट, म्हणून हे मशीन बघायला आलेले. शकुने बारा फायदे म्हटले. त्यांनी ऐकून घेतले, पाव उचलला, उलटा केला आणि भोकात करंगळी घातली.

"बाय, हे भोक नंतर पाडलंय," ते हळूच म्हणाले. "भाजताना पडलेल्या भोकाला आतून कवच धरतं. हे आत मऊ आहे. कोणी पाडलं?"

चैतन्य दोन पावलांवर उभा होता. शकु म्हणाली, मशीननेच.

"बरं," रेमंड म्हणाले. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. पाव जागच्या जागी ठेवला आणि जाता जाता सांगितलं, की उद्या दोनला येतो, कमी मिठाचा पाव या मशीनमध्ये कसा होतो तेवढं दाखव, माझ्या घरी आजारी माणूस आहे.

आजारी या एका शब्दाने शकुचं जेवण गेलं. संध्याकाळी मशीनची पुस्तिका तिने घरी नेली. त्यात मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून, मुलीला विचारत विचारत तिने वाचली. मीठ अगदी कमी केलं तर पीठ जास्त फुगतं आणि मग मध्येच बसतं, असं त्यात लिहिलं होतं. बारा फायद्यांत हे कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला तिने घरून आणलेली कणीक, पाणी, यीस्ट आणि अर्धंच मीठ भांड्यात घातलं आणि बटण दाबलं. बेकरीचा पाव पिशवीतून काढलाच नाही. चैतन्य आला, मोकळा पाट बघितला आणि चमचा तिच्यापुढे धरला.

"सर, भोक मी पाडणार नाही," शकु म्हणाली. "कामावरून काढायचं असेल तर काढा. पण दोन वाजेपर्यंत थांबा."

तो थांबला, कारण दुसरं कोणी एप्रन घालून उभं राहायला नव्हतं. त्याचा सगळा दरारा तेवढ्यावरच होता.

दीडला पाव निघाला. मध्ये खळगा, एका कुशीवर कललेला, वरून फिकट. चैतन्यने तो बघून डोळे मिटून घेतले. रेमंड दोनला आले. शकुने पाव आधी उलटाच करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी करंगळी घातली, फिरवली, मग एक तुकडा मोडून बराच वेळ चावत राहिले.

"कालचं भोक मी पाडलं होतं," शकु म्हणाली. "मीठ अर्धं केलं की हा असा बसतो. दोन दिवसांत वाळतो. तीन तास वीस मिनिटं लागतात. मीठ किती ते मात्र तुमच्या हातात."

"भट्टीवर असा पाव काढला असता तर मला मालकाने हाकललं असतं," रेमंड म्हणाले. "पण इव्हा खाईल. एक मशीन बांधून दे."

चैतन्यने लगेच बिलाचा फोटो काढला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ताज्या पावाचं प्रात्यक्षिक, माझी नवी कल्पना. शकुला काढायचं त्यानंतर त्याच्या लक्षातच राहिलं नाही. मुलुंडला आता पाट दीडपर्यंत मोकळा असतो. बोरिवलीच्या शाखेत इथूनच पाव जातो, तो अजून बेकरीचाच; त्याचं भोक चैतन्य स्वतः पाडतो आणि वाकडं पाडतो. गिऱ्हाइकं होती तेवढीच आहेत. बसका पाव बघून कोणी मागे फिरलं नाही, कारण पावाकडे आधीही कोणी बघत नव्हतं.

गुरुवारी सकाळी सासूने मेणबत्ती लावली. तिसरं शील झालं, चौथं आलं. मुसावादा वेरमणी. शकु मांडी घालून बसून राहिली आणि तिच्या खणखणीत आवाजात सगळी ओळ म्हणाली. मागे गॅसवर दूध भसकन उतू गेलं. पाचवं पूर्ण होईपर्यंत कोणी हललं नाही.

मग सासूने तिला फडकं दिलं आणि म्हणाली, "आता पूस. उद्यापासून दूध आधी तापवत जा."