तुटलेली पांढरी रेघ

काकांच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी एक पांढरी रेघ आहे, मधेच तुटलेली. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. गाडी लांबच्या प्रवासाची, वीस वर्षं जुनी. अंगणात आम्ही दोघंच ती खोलतो, जोडतो. नट पुरता आवळला की काकूंच्या नेलपॉलिशनं त्यावरून रेघ ओढायची, हा काकांचा नियम. रेघ दिसली की पुन्हा तपासायचं नाही.

इंदुरात मी त्यांचा भाडेकरू. शाळा नववीत सुटली, मग गावही सुटलं. गाडीचं इंग्रजी पुस्तक काका वाचून दाखवतात आणि पाना माझ्या हाती देतात. एवढा भरवसा माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. त्याचीच धास्ती वाटते.

त्या सकाळी लेकीकडे निघताना त्यांनी हेल्मेट चढवलं आणि मला आठवलं. उघड्या बाटलीतलं नेलपॉलिश सुकू नये म्हणून काल मी रेघ आधीच ओढली होती. नट नंतर आवळला का? बोललो तर भरवसा जाणार. गप्प राहिलो तर घाटात चाक ढिलं होणार.

"काका, थांबा. ती रेघ खरी धरू नका."

त्यांनी गाडी बंद करून पाना माझ्यापुढे धरला. "बघ."

नट पाव फेरा सहज फिरला, रेघ मधेच तुटली. काकांनी हेल्मेट उतरवलं. मग म्हणाले, "जुनी पुसू नकोस. नवी शेजारी ओढ. काकूची बाटली संपेना का!"

आता गाडी धुताना माझा हात तुटलेल्या रेघेपाशी थांबतो. शेजारची सरळ आहे, तरी मी पाना आणतोच.