काळीची पांढरी

कापसाच्या त्या वाईट वर्षांत पांढरकवड्याकडे कोणी कागद घेऊन आलं, की लोक आधी दाराला कडी लावत. पुण्याहून एक संशोधक मुलगी आली, तेव्हा मीही तिचं ओळखपत्र दोनदा वाचलं. जमिनीवर पडलेल्या उन्हापैकी किती परत वर जातं, हे उपग्रह मोजतो. ते बरोबर येतं का, हे तिला शेतात उतरून पडताळायचं होतं. शेतकऱ्यांसाठीचं तिचं इंग्रजी संमतिपत्र मी मराठीत उतरवून दिलं. तेवढी मला हौस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीबरोबर शेजारच्या वावरात गेले, तर तिथली मालकीण तो कागद घेऊन तरातरा आली.

"बाई, माह्यं वावर पांढरीत काहून टाकलं?"

मी लिहिलं होतं : 'कापूस फुटल्यावर ही काळी जमीन वरून पांढरी दिसते.' आपल्याकडे काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, घरांची जागा. मला हे ठाऊक होतं; लिहिताना सुचलं नाही, इतकंच. प्लॉटसाठी जागा बघणारे तेव्हा हायवेवर रोज फिरत, आणि तिचं तीन एकर नेमकं हायवेला लागून.

"अगं, दिसते म्हटलंय. झाली असं नाही."

"आज दिसते, उद्या सातबाऱ्यावर चढते!"

तिची सही व्हायच्या आधीच मुलीने घाईने वावरात एक पांढरी चौकोनी पाटी मांडली होती. साडेदहाला उपग्रह डोक्यावरून जायचा, तेव्हाच पाटीवरून आणि पिकावरून परत जाणारं ऊन मोजायचं. पाटीवर सावली नको, असं मुलगी म्हणाली मात्र, ही पाटीला खेटून उभी राहिली.

"मावशी, जरा बाजूला होता का?"

"माह्यं वावर, माह्यी सावली. कोनाच्या बापाची हाये?"

मी 'पांढरी' खोडून 'उजळ' लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तिने कागद ओढून घेतला.

"तुमी वाचता थे बरोबर असन. लेह्यलं काय, थे मी पाह्यतो."

चौथी शिकलेली ती, एकेका अक्षराखाली बोट धरून वाचू लागली. मला राग आला. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथे माझंच आणखी एक 'पांढरी' होतं.

"अन् हे कोनासाठी ठेवलं व्हतं, बाई?"

मी पुन्हा पेन उघडलं. तेही खोडेपर्यंत साडेदहा उलटून गेले. मुलीने पाटी उचलली आणि उपग्रह आता सोळा दिवसांनी परत येईल, असं सांगितलं.

"येऊ द्या," कागदाची घडी पोलक्यात खोचत ती म्हणाली. "मी हावो अठीच."