ताडपत्रीखालचे कांदे

मदतीला जाणाऱ्या माणसांची मला मुळातच चीड. त्यातही सुट्टी काढून, टोप्या घालून, फोटो काढत मदत करणारे तर डोक्यातच जातात. तरीही दोन वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, मी स्वतःच अशा एका सहलीला गेले. सटाण्याच्या पुढच्या एका गावाला गारपिटीने झोडपलं होतं. तिथल्या घरांत दोन दिवस राहायचं, जेवायचं, त्याचे पैसे घरवाल्यांना द्यायचे आणि त्यांच्या हाताखाली काम करायचं, असा बेत नाशिकमधल्या ओळखीच्या लोकांनी आखला होता. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. हुकूम सोडायला घरात नवऱ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं आणि तो ऐकत नव्हता.

आम्ही सहा जण ज्यांच्या घरी उतरलो त्या ताई चाळिशीच्या असतील. नवरा ट्रकवर, शेती त्यांच्याच हातात. वादळाने त्यांच्या कांदाचाळीचे पत्रे उडाले होते आणि आतला कांदा भिजला होता. पण ताईंचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. बियाण्यासाठी लावलेले कांद्याचे डोंगळे, म्हणजे बोंडं धरलेले ते उंच दांडे, काढणीच्या तोंडावर गारांनी आडवे केले होते. सासूने दिलेलं वाण त्या वर्षानुवर्षं जपत होत्या, दुकानातलं बी त्या घरात कधी आलं नव्हतं. आता ते वाण फक्त चाळीतल्या भिजलेल्या कांद्यांत उरलं होतं. त्यातले चांगले निवडून कार्तिकापर्यंत टिकवायचे आणि मग पुन्हा जमिनीत लावायचे, एवढा एकच मार्ग होता. ते सडले असते तर वाण संपलं असतं.

ताईंनी आम्हाला ओळीने बसवलं आणि निवडायला शिकवलं. मी गोल, तजेलदार कांदे भराभर बाजूला काढत होते. त्यांनी त्यातला एक उचलून माझ्या हातात परत दिला.

"नुसता देखू नका बाई, मान दाबी देखा."

अंगठ्याने कांद्याची मान, म्हणजे पातीकडचं टोक, दाबली तर ती लिबलिबीत होती. बाहेरून देखणा, आतून गेलेला. तीस वर्षं मुलं पारखल्याचा माझा तोरा त्या एका कांद्याने उतरवला. ताईंचं काम बघत राहावं असं होतं. डोळे अंगणात बांधलेल्या वासरावर, तोंडाने आमची चौकशी, आणि अंगठा मात्र एकदाही चुकत नव्हता. संध्याकाळपर्यंत बियाण्याच्या कांद्यांचा एक ढीग अंगणात झाला. शेजारच्या वाडीत भावाच्या घराचेही पत्रे गेले होते, म्हणून ताई तिकडे निघाल्या. जाताना म्हणाल्या, पाऊस आलाच तर वरून ताडपत्री टाका.

पाऊस आला नाही, नुसतं आभाळ भरून आलं. पण माझ्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. मी ताडपत्री घातली, चारी बाजूंनी खाली खोचली, कडेने दगड रचले, दगडांवर माती ओढली. एकाने दबकत विचारलं, इतकं कशाला? मी त्याला गप्प केलं. वाऱ्यालासुद्धा शिरायला जागा नाही, असं मी अभिमानाने म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाळीचे पत्रे बसवण्यात गुंतलो. ढिगाकडे कोणी फिरकलंही नाही.

दुपारी ताई आल्या आणि त्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं. आतून गरम वाफ आली, आणि तिच्यामागून वास. कांद्यांना दरदरून घाम फुटला होता. ताईंनी वरचा एक कांदा उचलून त्याची मान दाबली. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं.

"कांदाले वारा लागस बाई. जित्ता शे तो," त्या म्हणाल्या.

मी माफी मागायला लागले. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या, तुम्ही मदतीला आलात हेच खूप. पाहुण्यांना असंच म्हणायची रीत असते. पण ताईंनी मला तो दिलासा दिला नाही.

"चुकी तुमनीच शे," त्या सरळ म्हणाल्या. "पन आते रडाले टाइम नई शे. हात चालाडा."

इतकं खरं मला अनेक वर्षांत कोणी सुनावलं नव्हतं. राग यायला हवा होता, पण आला तो आदर. आम्ही एकेक कांदा सावलीत सुटा पसरला. संध्याकाळी बाकीचे नाशिकला परतले. मी राहिले, आणखी चार दिवस. रोज सकाळी माना दाबायच्या आणि मऊ पडलेले पाटीत भरून उकिरड्यावर न्यायचे. पाटी मीच न्यायचे, ताईंनीही कधी नको म्हटलं नाही. शेवटी निम्म्याहून कमी उरले. घरी आल्यावर किती तरी दिवस मला कांदा चिरवत नव्हता.

कार्तिकात ताईंचा फोन आला. लावणीला या, म्हणाल्या. त्यांच्याकडे बियाण्याचा कांदा ज्या हातांनी निवडला त्याच हातांनी लावतात. मला वाटलं, चाळीतल्या दुसऱ्या कांद्यातून त्यांनी बियाण्याचे कांदे निवडले असणार. मी गेले तेव्हा बांधावर दोन पाट्या होत्या. एक त्यांनी स्वतःकडे ओढली आणि दुसरी, छोटी, माझ्यापुढे सरकवली.

"ह्या तुमना ताडपत्रीखालना," त्या म्हणाल्या. "इतला उबारामा ज्या टिकनात, त्यासनं बी पाहिजे माले."

जे तेवढ्या कोंडमाऱ्यातून वाचले, त्यांचं बी त्यांना हवं होतं. माझ्या चुकीवर त्यांनी पांघरूण घातलं नव्हतं. ती त्यांनी कामाला लावली होती. मला तिथेच रडू फुटलं. डोळे पुसत पहिला कांदा सरीत ठेवला आणि जिवापाड जपायचा म्हणून दोन्ही हातांनी त्यावर माती ओढून थापटली.

ताईंनी माझं मनगट धरलं.

"बाई, वारा," त्या म्हणाल्या.

मी कांद्याच्या मानेवरची माती बाजूला सारली.