दोन शाळा आणि शनिवारचं गणित

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. मी लहान असताना, म्हणजे चाळीसच्या दशकात, तिथे दोन शाळा होत्या. एक लोकल बोर्डाची, मारुतीच्या देवळाला लागून. दुसरी मिशनची, ओढ्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत. मी दोन्हींत शिकले.

दुसरीपर्यंत बोर्डाच्या शाळेत होते. बरोबरच्या मुली एकेक करून घरी बसल्या आणि मी एकटीच उरले, तेव्हा वडिलांनी मलाही काढलं. ते कळल्यावर मिशनच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. त्यांच्याकडे मुली पुष्कळ होत्या. वडील म्हणाले, "पाठवतो. पन पानी ती घरी येऊनच पिईल." बाईंनी मान्य केलं.

बोर्डाच्या मास्तरांचं गणित पक्कं होतं. पावकी, निमकी, अडीचकी, हे अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ लागायचे. चुकलं की छडी. वाचन म्हणजे एकाने ओरडायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून ओरडायचं. मिशनच्या शाळेत बाई गोष्ट वाचताना मध्येच थांबत आणि पुढे काय झालं असेल ते आम्हाला विचारत. शिवण होतं, गाणी होती, मिरच्यांचे वाफे होते. गणित मात्र कच्चं राहायचं, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

म्हणून मी चौथीत असताना त्या स्वतःच बोर्डाच्या मास्तरांकडे गेल्या. शनिवारी दुपारी शाळा रिकामी असते, तेव्हा आमच्या मुलींना गणित शिकवाल का, असं त्यांनी विचारलं. मास्तर हो म्हणाले.

पहिल्या शनिवारी बाईंबरोबर आम्ही पोहोचलो तेव्हा मास्तर दारातच उभे होते. मला म्हणाले, "तू आत ये. बाकीच्या ओट्यावर बसतील."

गावकुसाबाहेरची मुलं, ख्रिस्ती झालेली असली तरी, त्या शाळेत ओट्यावरच बसत. तसं बसवू नये असा सरकारी हुकूम होता म्हणे, पण गावात तो कुणी मनावर घेतला नव्हता.

बाईंनी वाद घातला नाही. पदर सावरून त्या मुलींशेजारी ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "इथून ऐकू येईल, मास्तर. फळा मात्र दिसायचा नाही."

मी उंबऱ्यापाशी उभी. मला कुणी आत ओढलं नाही की बाहेर बोलावलं नाही. पाय दुखायला लागले तशी मी बाईंच्या जवळ जाऊन बसले.

मास्तर आत गेले. आता येत नाहीत, असंच आम्हाला वाटलं. थोड्या वेळाने फळा दोन्ही हातांनी धरून ते बाहेर आले, भिंतीला टेकवला आणि त्यावर त्रैराशिकाचं उदाहरण लिहिलं.

पुढचे सगळे शनिवार गणित ओट्यावरच झालं. हळूहळू बोर्डाची मुलंही येऊन बसू लागली, कारण गणित संपलं की बाई गोष्ट वाचत. गावात कुरकुर झाली. मास्तरांनी विचारणाऱ्यांना सांगितलं, आत उकडतं म्हणून बाहेर बसवतो. त्यांनी दुसरं कारण कधी दिलं नाही.

चौथीला आम्ही सगळ्या पास झालो. उन्हाळ्यात मास्तरांची बदली झाली, आणि नव्या मास्तरांनी शनिवार बंद केले. मला पुढे शिकायला नगरला पाठवा, असं सांगायला बाई पुन्हा घरी आल्या. वडिलांनी एवढंच विचारलं, "तिथं गनित कोन शिकवतं?" बाईंनी सांगितलं, आणि मी गेले. शनिवारच्या बाकी मुलींपैकी एकीलाच पुढे शिकता आलं.