बेडकांच्या वहीतलं शून्य

दुपारी लॅबमध्ये जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

लोणी काळभोरजवळच्या एका तळ्यातले बेडूक पुढे किती होतील, याचं मॉडेल मी 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये बनवते आहे. पाऊस, जन्म, मरण थोडं नशिबावर सोडायचं आणि तळ्याची पुढची वीस वर्षं हजार वेळा चालवून बघायची. सरासरीची रेघ छान वर जात होती. 'काळजीचं कारण नाही' असं लिहिलेला अहवाल आज संध्याकाळी जाणार होता.

आमच्यासाठी तळ्यावर बेडूक मोजणारे सदाकाका हडपसरला बस बदलून वही द्यायला लॅबमध्ये आले. 'ही हजार भविष्यांची सरासरी' असं सांगत त्यांना कौतुकाने आलेख दाखवला. सरासरीत किती भविष्यं धरली, तो आलेखाखालचा आकडा त्यांनी वाचला.

"म्याडम, हजार म्हणला हुता. हितं तर सहाशे चौदाच हायेत. बाकीच्यांचं काय झालं?"

कोड उघडून शोधलं. बेडूक संपले की संख्या शून्य होते, शून्याचा लॉग (लॉगरिदम) निघत नाही आणि पुढचं गणित अडतं. म्हणून कधीतरी मीच कोडमध्ये एक ओळ टाकली होती: अडेल ते वगळ. म्हणजे ज्यात बेडूक नामशेष झाले ते प्रत्येक भविष्य मी चूक समजून काढून टाकलं होतं. उरलेल्यांची सरासरी वर जाणारच.

काकांनी वही उघडली. एकही बेडूक न दिसलेल्या दिवशीही ओळ कोरी नव्हती. तिथे ठसठशीत शून्य होतं.

"काय नाय दिसलं तरी लिवायचं, तुमीच सांगितलं हुतं."

अहवाल थांबवलाय. तुमच्या कामात शून्य लिहून ठेवणारं कोणी आहे का?