कोमलचा गुडघा आणि आप्पांचं सदर

"मॅडम, माझा गुडघा गेलाय व्हय?"

कोमल पेपर हातात घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. न्हावऱ्याची पोरगी, माझ्या कबड्डी संघाची बचावपटू. धुक्यात दौंडचं मैदान तरंगत असल्यासारखं वाटत होतं. लांबून रेल्वेचा भोंगा आला आणि विरून गेला.

आप्पा पेपरात खेळाचं सदर लिहितात. शिरूरच्या सामन्यात मी कोमलला राखीव ठेवलं होतं. आप्पांनी छापलं, 'गुडघा निकामी झाल्याने कोमलला वगळले.' 'बहुधा' नाही, 'असं दिसतं' नाही. कुरकुंभच्या एका कंपनीत खेळाडू म्हणून तिची नोकरी ठरत आली होती. तिथल्या एचआरचा फोन आला, "सध्या होल्डवर ठेवतोय."

खरं कारण साधं होतं. कबड्डीत साखळी करतात. दोघी एकमेकींचा हात धरून चढाईला आलेलीला घेरतात. कोमलचा हात सुनीताच्या हातात बसलेला. सुनीता भावाच्या लग्नाला कासुर्डीला गेलेली. म्हणून मी दुसरी जोडी उतरवली. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. शिकून आलेय, संघ हवेत निवडत नाही.

आप्पांना फोन लावला.

"आप्पा, गुडघ्याचं कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? पट्टी व्हती की!"

"सगळ्याच घालतात. मातीत सोलतं."

"मॅडम, माझी हयात गेली मैदानात."

"मग उद्या सकाळी पण या."

आले. पँट दुमडून सुनीताच्या जागी उभे राहिले. कोमलनं त्यांचा हात धरला. धुक्यातून चढाईवाली आली. पायांचा आवाजच नाही, नुसतं कबड्डी-कबड्डी, मोहोळ घोंगावल्यासारखं. घटकाभर मीही शिट्टी विसरले. मग कोमल त्याच गुडघ्यावर वाकली आणि झेपावली. आप्पा क्षणभर मागं राहिले. साखळी तुटली, चढाईवाली निसटली आणि आप्पा मातीत बसले.

"गुडघा ठणठणीत हाय की गं!"

"माझा हाय. तुमचा कसाय, आप्पा?"

पोरी धुक्यात हसत सुटल्या. आप्पा मात्र आपल्या रिकाम्या हाताकडं बघत होते. "हाताचं हाय व्हय हे," एवढंच म्हणाले.

पुढच्या सदरात त्यांनी सगळं नीट लिहिलं. गुडघा चांगला, कारण जोडीचं. दुपारीच एचआरचा फोन, "क्लिअर आहे, जॉइन करा." एका सदरानं नोकरी अडली, दुसऱ्यानं सुटली. डॉक्टरला कुणीच विचारलं नाही.

कोमल पेढे घेऊन आली. मी एक उचलला.

"दोन घ्या की मॅडम. एक नोकरीचा, एक कॅप्टनचा."

"कसली कॅप्टन?"

तिनं पेपर पुढं केला. आप्पांची शेवटची ओळ होती, 'पुढच्या स्पर्धेत कोमलच कर्णधार.'

मी अजून काहीच ठरवलेलं नव्हतं. आप्पा आता कारण विचारून लिहितात. निर्णय मात्र अजून माझ्याआधी घेतात.